फळगळ थांबवणारी बाटली : गुहागरच्या परसात दोन हंगाम वापरून पाहिल्यावर

आमच्या गुहागरच्या घराच्या मागीलदारी हापूसची दोन कलमे, एक रायवळ, एक बरका फणस, विहिरीच्या पाटाकडेने सात माड आणि त्यांच्या सावलीला पंधरावीस पोफळी आहेत. एवढ्या पसाऱ्यावर कोणी आम्हांला बागायतदार म्हणणार नाही. घरात खाण्यापुरते, मुंबईच्या नातेवाइकांकडे दोन पेट्या धाडण्यापुरते आणि शेजारीपाजारी वाटण्यापुरते मिळाले की आमचे भागते. तरीही माघ सरता सरता रोज सकाळी अंगण झाडताना केरसुणीपुढे वाटाण्याएवढ्या, गोटीएवढ्या कैऱ्यांचा ढीग गोळा होऊ लागला की जीव हळहळतो, आणि अशा हळहळलेल्या माणसाला बाजारात काहीही विकता येते.

याचा अनुभव मी तीन वर्षांपूर्वी घेतला. जवळच्या बाजारपेठेतील एका दुकानात ‘आंबा गळतोय’ एवढेच शब्द उच्चारल्यावर दुकानदाराने एकही प्रश्न न विचारता चकचकीत वेष्टनातली एक बाटली पुढे केली. तिच्यावर पिवळ्याधमक हापूसचे मोठे चित्र होते, ‘फूलगळ-फळगळीवर रामबाण’ अशी अक्षरे होती. मात्र आत नेमका कोणता घटक किती टक्के आहे, ते घरी येऊन चष्मा लावून शोधले तरी सापडले नाही. साडेचारशे रुपये गेले आणि कैऱ्या पूर्वीप्रमाणेच गळत राहिल्या. चूक दुकानदाराची जितकी, तितकीच बिल न मागता घरी येणाऱ्या माझीही होती.

हे परीक्षण त्या बाटलीचे नसून, त्यानंतरच्या वर्षी चिपळूणहून आणलेल्या दुसऱ्या बाटलीचे आहे. तिच्यातील घटकाचे नाव अल्फा नॅप्थिल ॲसेटिक ॲसिड, बोलण्यात एनएए, प्रमाण 4.5 टक्के, आकार 100 मिलिलिटर, किंमत दीडशे रुपयांच्या आत. हा घटक निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात, त्यामुळे कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. घेणाऱ्याने पुढचे चित्र न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटकाचे नाव, टक्केवारी, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत या गोष्टी तेथे असल्याच पाहिजेत. माझ्या बाटलीवर त्या सर्व होत्या, आणि आत अनेक भाषांतील माहितीपत्रक घडी घालून ठेवलेले होते, ज्यात मराठीही होती; अक्षर मात्र इतके बारीक की ते वाचण्यासाठी मुलाच्या मोबाइलने फोटो काढून मोठे करावे लागले.

बाटलीकडून काय अपेक्षा ठेवावी हे कळण्यासाठी फळ मुळात का गळते ते थोडे पाहावे लागते. आंब्याच्या एका मोहोरावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले असतात. त्यांतील बरीचशी नुसती नर असतात, आणि हापूसमध्ये फळ धरू शकणाऱ्या संयुक्त फुलांचे प्रमाण मुळातच कमी असते. जी कणी, म्हणजे नुकतेच धरलेले बारीक फळ, धरते तिच्यातलीही बहुतेक गळते, आणि शंभर फुलांमागे एक फळसुद्धा शेवटपर्यंत टिकत नाही. म्हणजे आपण ज्याला गळ म्हणून कपाळाला हात लावतो, त्यातला मोठा भाग झाडाने आपल्या ऐपतीप्रमाणे केलेली काटछाट असते. वीस-पंचवीस फुटांच्या कलमाने धरलेली प्रत्येक कणी जर आंबा झाली असती, तर फांद्या केव्हाच मोडून पडल्या असत्या.

ही काटछाट देठाशी होते. फळाच्या देठात पेशींचा एक पातळ थर असतो. कोवळ्या कोयीतील वाढत्या बीकडून ऑक्सिन हे संजीवक, म्हणजे झाडाची वाढ सांभाळणारे द्रव्य, देठातून वाहत असते तोवर हा थर घट्ट राहतो. परागीकरण नीट न झाल्यामुळे बी खुरटले, झाडाला पाण्याचा ताण पडला, एकाएकी उष्मा वाढला किंवा किडीने फळाला इजा केली की ऑक्सिनचा ओघ मंदावतो, इथिलीन या दुसऱ्या संजीवकाचा जोर वाढतो, त्या थरातील पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विकरांच्या (एन्झाइमच्या) कामामुळे विरघळू लागते आणि खाडीकडून आलेल्या पहिल्या झुळकीबरोबर कैरी खाली येते. एनएए हे कृत्रिम ऑक्सिन आहे. बीकडून येणारा ओघ कमी पडला असेल तेथे ते बाहेरून भर घालते आणि देठावरचा थर सुटण्याचे लांबवते. आंब्यावर याहून अधिक काही ही बाटली करत नाही, आणि तिच्या लेबलवर तसा दावाही नाही. ही तिची मला सर्वांत आवडलेली बाजू आहे.

वापरण्यात खरी परीक्षा मोजमापाची आहे. 4.5 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 45 मिलिग्रॅम घटक. हा एक मिलिलिटर साडेचार लिटर पाण्यात घातला की दशलक्षात 10 भाग, म्हणजे 10 पीपीएम, एवढे द्रावण तयार होते. आंब्यासाठी 20 पीपीएमपर्यंतची मात्रा सांगितली जाते. पाठीवरच्या 16 लिटरच्या पंपाला हिशेबाने सुमारे 7 मिलिलिटर लागतात. बाटलीच्या टोपणाने हे मोजता येत नाही, कारण टोपणाला खुणाच नाहीत. मी औषधाच्या दुकानातून 10 मिलिलिटरची सिरिंज आणली आणि तिच्यावर लाल रंगाने फुली मारून ती याच कामासाठी बाजूला ठेवली. पंप मारायला आलेल्या गड्याने पहिल्याच दिवशी सुचवले, “काका, अजून अर्धं टोपण टाकूया की, घट्ट झालं म्हणजे चांगलं लागेल.” त्याचे म्हणणे शेणखताच्या बाबतीत खरे असेल, परंतु संजीवकाच्या बाबतीत ते उलटू शकते, सफरचंदाच्या बागांत मात्रा आणि वेळ बदलून हेच रसायन फळे मुद्दाम गाळून विरळ करण्यासाठी वापरतात. मी गड्याला ते सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्याला काहीतरी विकतो आहे.

फवारणी दोन वेळा केली : पहिली फळे वाटाण्याएवढी झाल्यावर, दुसरी गोटीएवढी झाल्यावर. दोन्ही वेळा सकाळचे दव सुकल्यावर आणि वारा सुटण्याआधी. आमची कलमे वीस फुटांच्या आतली आहेत, म्हणून लांब नळीने शेंड्यापर्यंत पोहोचता आले. पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या झाडांना पायपंप आणि दोन माणसे लागतील, आणि मग बाटलीच्या किमतीपेक्षा मजुरीच कितीतरी जास्त होईल. परसातल्या एकुलत्या उंच झाडासाठी हा खटाटोप परवडतो का, याचा विचार दुकानात जाण्यापूर्वीच करावा.

फरक पडतो की नाही हे पाहण्यासाठी मी पहिल्या वर्षी एकाच कलमावर फवारणी केली आणि दोन्ही कलमांवरच्या हाताला येणाऱ्या वीस-वीस मोहोरांना लोकरीचे लाल दोरे बांधले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फवारलेल्या कलमाच्या वीस मोहोरांवर 19 फळे होती, न फवारलेल्याच्या 12. दुसऱ्या वर्षी कलमांची अदलाबदल केली आणि या वेळी दोन्ही झाडांना पाणीही दिले. तेव्हा फवारलेल्यावर 21 आणि न फवारलेल्यावर 17 फळे राहिली. दोन झाडे आणि चाळीस दोरे एवढ्यावर कोणी शास्त्र उभारू नये, वर्षावर्षातही फरक असतोच. तरी माझ्यापुरता मी इतका अर्थ काढला की बाटलीचा गुण आहे, आणि पाणी मिळालेले झाड बाटलीवाचूनही बरेचसे तेवढेच फळ धरून ठेवते.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कारण आमच्याकडे अजूनही जाणती माणसे सांगतात की आंब्याला पाणी घातले की फळ पाणचट होते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस मात्र अशी आहे की फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून मोठ्या झाडाला 150 ते 200 लिटर पाणी पंधरा पंधरा दिवसांच्या अंतराने तीन ते चार वेळा द्यावे आणि काढणीच्या सुमारे महिनाभर आधी ते थांबवावे. जाणत्यांची भीती बहुधा शेवटपर्यंत पाणी घालत राहिल्याच्या अनुभवातून आलेली असावी. आमची जमीन जांभ्याची, दीड-दोन हातांखाली कातळ. पावसाळ्यात जेवढे पाणी पडते तेवढे वाहून जाते आणि फेब्रुवारीत आळ्यात हात घातला तर भाजल्या विटेसारखी माती लागते. आळ्यातला पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, झाडून जाळण्याची आमची वर्षानुवर्षांची सवय होती. तो जाळणे बंद करून बुंध्यापासून थोडे अंतर सोडून वीतभर जाडीचा थर केला, त्यावर पंपाच्या पाइपने पाणी सोडले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पातेरा वर उचलून पाहिला तेव्हा खालची माती अजून ओलसर आणि थंड होती. या पातेऱ्याला एक पैसा लागला नाही.

या दोन हंगामांत मला सर्वांत जास्त शिकवले ते बाटलीने नव्हे, तर आमच्या विळीने. रोज सकाळी पडलेल्या कैऱ्या केरात न टाकता सुपात गोळा करायच्या आणि त्यांतल्या दहा-पंधरा विळीवर उभ्या चिरून पाहायच्या, असा मी नेम केला. चिरल्यावर काही कैऱ्यांत कोयीच्या जागी असलेले बी तपकिरी पडून मुरगळलेले दिसे आणि बाहेरून फळ अगदी स्वच्छ असे. ही बीज न धरल्याची गळ. काहींत बी पांढरेशुभ्र व टवटवीत असे, पण साल सैल आणि देठ कोरडा. अशा कैऱ्या पहिल्या वर्षी फार होत्या आणि पाणी सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी ठळकपणे कमी झाल्या. काहींच्या सालीवर काळे, किंचित खोलगट डाग होते, हा करपा, बुरशीचा रोग. काहींवर फुलकिडींनी खरवडल्याची तपकिरी खवले होती. मोहोरावर तुडतुडे बसून खार पडला असेल, पाने चिकट होऊन काळवंडली असतील, किंवा भुरीची पांढरी पूड दिसत असेल, तर तेथे कणी धरण्याआधीच सर्व आटोपलेले असते. बाटलीचा संबंध यांतल्या केवळ पहिल्या, आणि थोड्याफार प्रमाणात दुसऱ्या, प्रकाराशी आहे. करप्यावर, तुडतुड्यांवर, भुरीवर ती फवारणे म्हणजे ताप आलेल्याला पोटदुखीचे औषध देणे होय. दुकानदाराने ‘पडलेली फळे चिरून पाहिलीत का’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी निम्म्या गिऱ्हाइकांना बाटली न घेता परत जावे लागेल.

आणखी एक प्रकार हापूसवाल्यांनी ओळखून ठेवावा. दुसऱ्या वर्षी एका फांदीवर फळे गोटीएवढी असताना थंडी वाढली आणि त्याच डहाळीवर पुन्हा मोहोर फुटला. अन्न नव्या मोहोराकडे वळले आणि आधीची फळे दोन आठवड्यांत उतरली. या पुनर्मोहोरावर एनएएचा उपयोग होत नाही; त्यासाठी विद्यापीठाची शिफारस जिबरेलिक ॲसिडची, 50 पीपीएमची आहे, आणि ते निराळे संजीवक आहे. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, तेव्हा नाव वाचून घ्यावे. आणि एप्रिल-मेमध्ये पाडाला आलेली फळे मऊ होऊन पडू लागली, चिरल्यावर आत अळ्या वळवळताना दिसल्या, तर ती फळमाशी. तिच्यासाठी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे. मिथिल युजेनॉलच्या वासाने नर माश्या त्यात येतात, आणि पडकी फळे रोज उचलून खोल पुरली तर सापळ्याचा गुण अधिक दिसतो.

घरात औषधाची बाटली आली की तिला सगळीकडे वापरण्याचा मोह होतो. आमच्या आत्याने फणसाखाली पडलेली काळी, बोटाएवढी मऊ कणसे आणून दाखवली आणि विचारले, “अरे, एवढ्या कुयऱ्या गळल्या, फणसाला पण मार ना ते तुझं औषध!” त्या कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, नव्हत्याच. फणसाला नर आणि मादी फुलोरे वेगळे येतात. नर फुलोरे डहाळ्यांच्या टोकांना येतात, पराग सांडून झाला की त्यांच्यावर बुरशी चढते, ते काळे पडतात आणि गळतात. त्यांतून कधी फणस होणारच नव्हता. खरी कुयरी खोडावर आणि जाड फांद्यांवर धरते. हे समजावल्यावर आत्याने त्यांतले एक कणीस मोडून आत चारखंड, म्हणजे गऱ्यांभोवतीचा चोथा, नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच विषय सोडला.

माडांचे तसेच. पोयीवरच्या, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरच्या, बोंडांपैकी काही गळणे स्वाभाविक असते. मात्र बोंडावर, देठाकडच्या टोपीच्या पाकळ्यांखालून सुरू होणारे पांढरट-पिवळे त्रिकोणी चट्टे दिसले आणि पुढे ते तपकिरी होऊन तडकले, तर तो इरिओफाईड कोळी, डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड, असतो. चट्टे नसतील तर पाणी, शेणखत आणि पालाशाकडे पाहावे. पोफळीची हिरवी सुपारी भर पावसात सडा पडल्यासारखी गळते तो कोळे रोग, बुरशीसारख्या जीवाचा; त्यावर पाऊस सुरू होण्यापूर्वी शिंपुटांवर (सुपारीच्या घडांवर) एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, आणि मग साधारण दीड महिन्याने दुसरी फवारणी हा जुना आणि पक्का उपाय आहे. बाटली विकणाऱ्या दुकानदाराने ‘नारळ-सुपारीलाही चालेल’ असे सहज बोलून टाकले होते. माहितीपत्रकात मात्र आंबा होता, द्राक्ष होते, अननस होता, कापूस-मिरची-टोमॅटो होते. माड नव्हता आणि पोफळही नव्हती.

आता तक्रारी. पहिली, आकाराची : एका कलमाला दोन फवारण्यांत 14 मिलिलिटर लागतात, म्हणजे दोन हंगामांत मी 30 मिलिलिटरही संपवले नाहीत आणि मुदत मात्र जवळ आली. परसबागवाल्यासाठी 25 मिलिलिटरची बाटली असती तर निम्म्या किमतीतही आनंदाने घेतली असती. दुसरी, मोजमापाच्या साधनाची : खुणा केलेले एक टोपण दिले असते तर कंपनीचे काही फार गेले नसते, आणि ‘अजून अर्धं टोपण’ म्हणणाऱ्या गड्यांचा प्रश्न बराचसा मिटला असता. तिसरी, अक्षराची, ती वर लिहिलीच आहे. गुणाच्या बाजूने सांगायचे तर घटक स्पष्ट लिहिलेला आहे, किंमत माफक आहे, पाण्यात सहज मिसळते, पंपाची नोझल तुंबत नाही, आणि योग्य कारण असेल तर काम करते. मी पाचापैकी साडेतीन गुण देईन. विळी आणि पातेरा वापरून झाल्यावर घेतली तर चार.

उरलेल्या बाटलीतले थोडे काढून द्या म्हणून शेजारचे अण्णा कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घेऊन आले होते. मी नकार दिला, आणि त्याचा त्यांना थोडा राग आला. त्यांच्या घरी दोन लहान नातवंडे सुट्टीला येतात, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेले शेतीचे औषध कोणाच्या हाती लागेल याची खात्री कोणी द्यावी? बाटलीची मुदत येत्या मे महिन्यापर्यंत आहे. कणी वाटाण्याएवढी झाली की बाटली आहे तशी, लेबल आणि माहितीपत्रकासकट, अण्णांकडे नेऊन देणार आहे. सोबत लाल फुलीची सिरिंज असेल, आणि त्यांच्या पंपाच्या टाकीवर ‘16 लिटरला 7’ असे ऑइलपेंटने मीच लिहून येईन. त्याआधी त्यांच्या झाडाखालच्या कैऱ्या चिरायला विळी घेऊन एक सकाळ जायचे आहे.